दारचें तोरण

आश्विन लागला कीं आमच्या वडुजाचें रूप पालटतें. येरळेच्या दोन्ही अंगांचीं बाजरीचीं रानें कापणीस येतात; ज्यांची कापणी आटोपली त्यांच्या खळ्यांवर कणसांच्या राशी पडतात; आणि हस्ताच्या पावसानें कृपा केली असली, तर शाळूच्या पेरणीसाठीं पाभरी बाहेर निघतात. घरोघर घट बसतात. मातींतले ते फिकट पिवळे अंकुर दिवसागणिक वाढूं लागतात, आणि मुलांचें लक्ष घटाकडून अंगणांतील झेंडूकडे व झेंडूकडून पुन्हां घटाकडे, असें नऊ दिवस येरझारा घालीत असतें. हा अंक वाचकांच्या हातीं पडेल तेव्हां दसरा आठ-दहा दिवसांवर आलेला असेल.

या दिवसांत या सदराकडे बहुधा फराळाच्या जिनसांची मागणी होते. यंदा मात्र आम्हांस एक निराळें पत्र आलें आहे, आणि तें आमच्याच भाचीचें आहे. ती उत्तर अमेरिकेच्या एका थंड गांवीं राहते. ती लिहिते : “मावशी, येथें पानगळीचे दिवस आले कीं दरएक घराच्या दारावर एक गोल कडें टांगलेलें दिसतें. वाळलेलीं रंगीत पानें, गव्हाच्या ओंब्या, मक्याचीं लहान कणसें, झाडांचीं सुकलीं बोंडें, असें कांहींबाही त्यांत गुंफतात. पुष्कळ जणी तें घरीं करतात. आमच्या दाराला मीं भारतांतून आणलेलें प्लॅस्टिकचें तोरण आहे. तें बारा महिने तसेंच असतें. परवां धाकटीनें विचारलें, ‘आई, मग हें दसऱ्याचें कसें?’ मला उत्तर सुचलें नाहीं. आपल्याकडचें तोरण घरीं कसें करावें, तें नीट, मापासह लिही. आणि येथें आंब्याचीं पानें नाहींत, त्याला काय करूं, तेंही सांग.”

हें पत्र एकट्या भाचीचें असतें तर आम्हीं टपालानेंच उत्तर धाडलें असतें. परंतु प्लॅस्टिकचीं तोरणें समुद्र ओलांडून गेलीं आहेत तशीं तीं आमच्या वडुजाच्या पेठेंतही आलीं आहेत, आणि धाकटीचा प्रश्न येथल्याही कितीएक घरांत विचारण्यासारखा आहे. म्हणून हें उत्तर सर्वांसाठीं लिहीत आहों.

तोरण हा शब्द फार जुना. मूळचा त्याचा अर्थ कमान, वेस, महाद्वार. सांचीच्या स्तूपाचीं चार दगडी द्वारें इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास उभीं राहिलीं. त्यांना तोरणेंच म्हणतात. राजांनीं जें दगडांत कोरविलें, तें गृहिणी दरवर्षीं पानाफुलांत करीत आल्या. आपल्या भाषेंत तर तोरण बांधणें म्हणजे शुभारंभ करणें. शिवाजीमहाराजांनीं स्वराज्याचें तोरण बांधलें, असें आपण लहानपणापासून वाचतों.

आणि हंगामाचें धन दारावर बांधण्याची हौस कांहीं एकट्या आपलीच नव्हे. कोंकणांत आश्विनांत भाताच्या लोंब्या आणि आंब्याचीं पानें एकत्र बांधून दाराला ‘नवें’ लावतात. प्राचीन ग्रीक लोकांच्या अथेन्स शहरांत शरद ऋतूच्या एका सणाला ऑलिव्हच्या फांदीस लोकर गुंडाळून, तिला फळें टांगून, मुलें ती वाजत गाजत नेत आणि घराच्या दारापाशीं लावीत. पुढच्या वर्षीं नवी येईपर्यंत ती तेथेंच राही. भाचीच्या शेजारणींचें तें गोल कडेंही याच गोत्यांतलें म्हणावयास हरकत नाहीं. पीक घरांत आलें कीं त्यांतले चार दाणे दारावर लावावे, येणाऱ्याजाणाऱ्यास दिसावे, असें माणसाला सर्वत्र वाटत आलें आहे.

आतां साहित्याकडे वळूं. आमच्या बाजूच्या तोरणांत तीन वस्तु मुख्य : आंब्याचीं पानें, झेंडूचीं फुलें आणि बाजरीचीं कणसें. पैकीं कणसें सर्वच घरीं लावतात असें नाहीं. परंतु आमच्या घरीं त्यांवांचून तोरण पुरें होत नाहीं. तें कां, तें पुढें सांगूं.

आंब्याचें पान जाड व तुकतुकीत असतें. त्याच्या अंगावर मेणासारखा पातळ थर असल्यामुळें आंतला ओलावा लवकर उडत नाहीं, आणि झाडावरून तोडल्यावरही तें कितीएक दिवस हिरवें राहतें. म्हणूनच तोरणास तें योजलें असावें. पानें खुडतांना तांबूस कोंवळीं घेऊं नयेत, तीं सायंकाळपर्यंत माना टाकतात. फार जून, फोड आलेलीं पानेंही नकोत. मधलीं, सुमारें वीतभर लांबीचीं पानें एकसारखीं पाहून घ्यावीं. येथें एक सूचना महत्त्वाची आहे. आंब्याला पुढें पौष-माघांत मोहोर येतो तो फांदीच्या शेंड्याला येतो. आश्विनांत शेंडे ओरबाडले तर तितका मोहोर आपण आपल्याच हातांनीं दवडला. यास्तव शेंडा मोडूं नये; शेंड्याखालचीं दोन-तीन पानें देंठासह हलकेंच खुडावीं, आणि एकाच फांदीवर सर्व भार न टाकतां झाडाभोंवतीं फिरून घ्यावीं.

झेंडूविषयीं एक गोष्ट सांगितली तर पुष्कळांस नवल वाटेल. दसऱ्यादिवाळीला ज्यावांचून आपलें पान हालत नाहीं, तें हें फूल मूळचें आपलें नव्हे. झेंडूची जन्मभूमि मेक्सिको. कोलंबसानंतर युरोपियनांच्या जहाजांतून त्याचें बीं जगभर गेलें आणि तसेंच आपल्याकडे आलें. मेक्सिकोंतले लोक आजही नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत आपल्या पितरांच्या स्मरणार्थ याच फुलांच्या राशी मांडतात. म्हणजे चार-पांच शतकांपूर्वींच्या आपल्या पणज्यांच्या पणज्यांनीं दसरा केला तो झेंडूवांचूनच. तोरण ‘शास्त्रोक्त’ झालें कीं नाहीं याची ज्यांना फार धास्ती वाटते, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. परका पाहुणा आला, या ऋतूंत भरभरून फुलला, आणि घरचा झाला.

झेंडू विकत घ्यावयाचा तर खंडेनवमीच्या सकाळींच घ्यावा. दसऱ्याच्या दिवशीं भाव चढतो आणि निवड उरत नाहीं. फूल हातीं घेऊन दाबून पाहावें. घट्ट लागलें, खालची हिरवी वाटी ताजी दिसली, तर उत्तम. कांहीं विक्रेते वजन वाढावें म्हणून फुलांवर पाणी मारतात. असें भिजलेलें फूल बाहेरून टवटवीत दिसलें तरी आंतून काळें पडूं लागलेलें असतें. घरीं आणल्यावर फुलें सुपांत किंवा ओलसर फडक्यावर पसरून ठेवावीं. एके वर्षीं आम्हीं तीं प्लॅस्टिकच्या पिशवींत तशींच रात्रभर ठेवलीं. सकाळीं पिशवींत हात घातला तों आंत ऊब धरलेली, आणि निम्मीं फुलें चिकट झालेलीं. त्या वर्षीं तोरणांत पानेंच फार दिसलीं.

ज्यांना अंगण आहे त्यांनीं झेंडू घरींच लावावा. आषाढांत बीं टाकलें, तीन-चार आठवड्यांचीं रोपें हातभर अंतरानें लावलीं आणि पुढें महिन्याभरानें त्यांचे शेंडे खुडले, कीं रोप पसरतें व दसऱ्याच्या सुमारास फुलांनीं भरतें. आठ-दहा रोपें एका तोरणास पुरून उरतात. झेंडूच्या मुळांतून असें एक द्रव्य पाझरतें कीं जमिनींतील सूक्ष्म सूत्रकृमींस तें मानवत नाहीं. म्हणून टोमॅटोच्या वाफ्याभोंवतीं शेतकरी हा मुद्दाम लावतात. परसांतल्या भाजीस त्याचा लाभ होतो तो निराळाच.

कणसें पांच असावीं. भरलेलीं, दाण्यानें घट्ट, आणि वीतभर देंठ राखून कापलेलीं. कणसावर चिकट गुलाबी थेंब किंवा दाण्यांच्या जागीं काळसर कठीण गांठी दिसल्या तर तें कणीस घेऊं नये. त्या रोगास अरगट म्हणतात. तो विषारी असतो, आणि आपल्या दारावर चिमण्या येतात हें विसरूं नये. निवडलेलीं कणसें दोन दिवस सावलींत वाळवावीं.

आतां कृति. आमच्या दाराची चौकट साडेतीन फूट रुंदीची आहे. दोन्ही बाजूंस नऊ-नऊ इंच लोंबतें टोंक राखलें कीं तोरण पांच फूट होतें. गांठींसाठीं दोन फूट अधिक धरून सात फूट दोरा कापावा. साधा शिवणाचा दोरा तुटतो. बारीक सुतळी घ्यावी आणि ओंवण्यास दाभण घ्यावा. दाभण मोठ्या माणसाच्या हातीं असावा. मुलांनीं पानें पुसावीं, मोजावीं आणि फुलें हातीं द्यावीं.

पानें एकवीस. तीं ओल्या फडक्यानें पुसून घ्यावीं. दर तीन इंचांवर एक पान आलें कीं वीस अंतरांत पांच फूट बरोबर भरतात. पानाचा देंठाकडील भाग सुतळीवरून मागें दुमडावा आणि खराट्याच्या हिराचा लहानसा तुकडा टोंचून तो पक्का करावा, म्हणजे पान वाऱ्यानें फिरत नाहीं. दोन पानांच्या मध्यें दोन-दोन फुलें, म्हणजे चाळीस फुलें लागतील. दाभण देंठाच्या हिरव्या वाटींतून शिरवून फुलाच्या मध्यावर बाहेर काढावा; आडवें टोंचलेलें फूल दुसऱ्या दिवशीं पाकळ्या गाळूं लागतें. जोडींतील फुलांचीं तोंडें एकमेकांकडे आलीं तर मागचा देंठ दिसत नाहीं. चाळीस फुलांस पाव किलोहून थोडें अधिक वजन लागतें. अर्धा किलो आणला कीं पूजेस, पाटीपुस्तकांस आणि घरच्या हत्यारांस व वाहनांसही होतें.

सर्व ओंवून झाल्यावर एक कणीस मधल्या पानाशीं आणि दोन-दोन कणसांची जुडी दोन्ही टोंकांशीं बांधावी. तोरण अडकविण्यास चौकटीच्या दोन्ही कोपऱ्यांना खिळे असावेत. गणेशपट्टीवर खिळा ठोकूं नये. आणि कणसांच्या मोहांत फार पडूं नये. एके वर्षीं आम्हीं पंधरा कणसें लावलीं. संध्याकाळीं सोनें द्यावयास आलेल्या गृहस्थांच्या खांद्यावर तें सबंध तोरण उतरलें, आणि आमच्या दारीं त्यांचा जो सत्कार झाला त्याची आठवण ते अद्याप काढतात.

सोन्याचा विषय निघाला म्हणून दोन शब्द. आपट्याच्या फांद्याच्या फांद्या तोडून तोरणांत खोंवण्याची एक नवी रीत दिसूं लागली आहे. ती बरी नव्हे. आपटा आधींच विरळ होत चालला आहे, आणि त्याच्या नांवावर कांचनाचीं झाडें फुकट मरतात. आपट्याचें पान लहान, जाड व लांबीपेक्षां रुंदीला अधिक असतें. कांचनाचें पान त्याहून पुष्कळ मोठें. देण्याघेण्यास माणशीं एक पान पुरे.

इथवर कृति झाली. आतां कणसांविषयीं जें सांगावयाचें राहिलें तें सांगतों.

आमच्या घराची थोडी जमीन येरळेच्या काठीं होती. दर खंडेनवमीस कुळाच्या घरून बाजरीच्या कणसांचा एक लहानसा भारा येई, आणि त्यांतलीं पांच निवडून सासूबाई तोरणास लावीत. १९४८ सालीं मुंबई प्रांतांत कुळकायदा झाला. पुढें १ एप्रिल १९५७ रोजीं जमीन कसणारीं कुळें कायद्यानें मालक ठरलीं. आमचीही जमीन गेली. त्यापायीं कज्जे झाले, कचेरींत खेपा झाल्या, आणि दोन घरांचें बोलणें बंद झालें. त्या वर्षींच्या नवमीस भारा आला नाहीं. सासूबाईंनीं बाजारांतून पांच कणसें विकत आणविलीं. पुढें पंधरा वर्षें हाच क्रम चालला. त्या घरची बाई आणि सासूबाई देवळांत समोरासमोर आल्या तर दोघीही देवाकडे पाहत. आम्ही सून म्हणून या घरांत आलों तेव्हां ‘कणसें विकत कां आणावयाचीं?’ असा प्रश्न एकदांच विचारला. पुन्हां विचारण्याचें धैर्य झालें नाहीं.

मग १९७२ साल आलें. माण-खटाव हा मुलुख पावसाच्या बाबतींत नेहमींचाच अभागी. पण त्या वर्षींचें अवर्षण निराळें होतें. खरीप हातचा गेला. बाजरी गुडघ्याएवढी होऊन करपली, तिला कणीस म्हणून धरलें नाहीं. ज्यांचीं रानें होतीं तींच माणसें रस्त्यांच्या आणि तलावांच्या कामांवर खडी फोडूं लागलीं. रेशनवर तांबडा मिलो मिळे. अंगणांतला झेंडू तर आषाढांतच जळाला होता. प्यावयास पाणी नाहीं तेथें फुलांस कोण घालणार? आंबा मात्र हिरवा होता. त्याचीं मुळें खोल जातात, म्हणून तेवढें एक झाड दुष्काळांतही पानें देऊं शकलें. खंडेनवमीच्या दुपारीं आम्ही नुसत्या पानांचें तोरण ओंवीत बसलों होतों. बाजारांत कणीस नव्हतें.

इतक्यांत दारांत सावली पडली. तीच बाई उभी होती. खडीच्या कामावरून परस्पर आली असावी. पदराला धूळ होती. पदराखालून तिनें तीन कणसें काढलीं.

“काकू, औंदा तुमचं दार मोकळं ऱ्हाईल, म्हनून आनलीत. बियाची हायती. आढ्याला बांधून ठेवलीवती.”

सासूबाई कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग उठल्या, सोप्यांत घोंगडी अंथरली आणि म्हणाल्या, “आधीं आंत येऊन बैस.” पंधरा वर्षांत त्या घराशीं त्यांनीं बोललेला तो पहिला शब्द.

बियाण्याचीं कणसें म्हणजे काय हें ज्यांनीं शेत पाहिलें नाहीं त्यांना सांगितलें पाहिजे. बाजरीच्या एका भरल्या कणसांत वीसएक ग्रॅम दाणा निघतो. पेरणीस हेक्टरी तीन-चार किलो बियाणें लागतें. म्हणजे एका कणसावर सुमारें अर्धा गुंठा रान पेरलें जातें. तीन कणसें म्हणजे दीड गुंठा. आणि हें अशा वर्षीं, जेव्हां पुढच्या पेरणीस बीं कोठून आणावें हें कोणासच ठाऊक नव्हतें.

“अगं, बियाणं का कुणी दाराला टांगतं?” सासूबाई म्हणाल्या. “दोन परत ने. एक ठेवतें. पण तें सुद्धां माझ्याकडे ठेव म्हणून.”

त्यांनीं तिला हळदकुंकू लावलें, ओटी भरली. ओटींत तांदूळ नव्हते, मिलोच होता. दसऱ्याला दारावर आंब्याचीं एकवीस पानें आणि मधोमध एक कणीस, एवढेंच तोरण होतें. चिमण्या येतील म्हणून दिवसभर आम्हांस दारांत बसविलें होतें. तिन्हीसांजेला सासूबाईंनीं कणीस उतरविलें, जुन्या मलमलींत गुंडाळलें आणि चुलीवरच्या शिंक्याला बांधलें, कारण धुरांत बियाण्यास कीड लागत नाहीं. आठ महिने तें तेथें होतें. १९७३ सालीं मृगाचीं चिन्हें दिसूं लागतांच सासूबाई स्वतः तें घेऊन त्यांच्या घरीं गेल्या.

त्या वर्षीं पाऊस चांगला झाला. नवमीला पांच कणसें घरीं आलीं, आणि तेव्हांपासून आजपर्यंत एक वर्षही चुकलें नाहीं. आतां त्या बाईची नात तीं घेऊन येते. आमच्याकडूनही एक रीत पडली : आम्ही त्या दिवशीं दोन तोरणें ओंवतों, आणि एक त्यांच्या दारासाठीं जातें. जमिनीची गोष्ट पुन्हां कोणीं काढली नाहीं. कसणाराची जमीन कसणाराकडे गेली हें रास्तच होतें, असें सासूबाई पुढें बोलून दाखवीत. परंतु हें म्हणावयास त्यांना पंधरा वर्षें लागलीं, आणि तें म्हणवून घेतलें कायद्यानें नव्हे, त्या तीन कणसांनीं.

म्हणून आमच्या तोरणांत कणसें असतात. चिमण्यांपासून आतां आम्ही तीं राखीत नाहीं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या येतात, आणि दिवाळीपूर्वींच कणसाचा नुसता सांगाडा उरतो. त्यांचा तो वाटाच आहे.

आतां भाचीस उत्तर. मुली, तुला आंब्याचीं पानें मिळत नाहींत, तर तीं भारतांतून मागविण्याच्या खटपटींत पडूं नकोस. तुमच्याकडे याच दिवसांत मेपलचीं पानें तांबडीं-पिवळीं होऊन गळतात. तीं खालीं पडतांच उचलावीं आणि दोन-तीन दिवस जाड पुस्तकांत दाबून ठेवावीं, म्हणजे कडा वळत नाहींत. झेंडू तर तुमच्याकडेही उन्हाळ्यांत लावतां येतो आणि पहिलें कडक दहिंवर पडेपर्यंत फुलत राहतो. दहिंवरानें तो एका रात्रींत काळा पडतो, तेव्हां हवामानाची वार्ता पाहून आदल्या दिवशींच फुलें काढावीं. बाजरी नसेल तर मक्याचीं लहान कणसें किंवा गव्हाच्या ओंब्या घे. बाकी कृति वर दिली तीच. शेजारीण गोल कडें करीत असेल तर तिच्याबरोबर बसून एक कडें तूं कर, आणि तिच्याकडून एक तोरण करून घे. तुझ्या अंगणांत जें पिकलें तें आणि शेजारणीनें दिलें तें, एवढें त्यांत असलें कीं तें दसऱ्याचें झालें.

धाकटीच्या प्रश्नासही हेंच उत्तर द्यावें. प्लॅस्टिकचें तोरण वाईट दिसतें असें आमचें म्हणणें नाहीं. कांहीं कांहीं तर फार देखणीं असतात. परंतु जें सुकत नाहीं तें कोणत्या वर्षाचें हें कळत नाहीं. आमच्या दारावर १९७२ सालीं पानें आणि एकच कणीस होतें, आणि पुढच्या वर्षीं पांच कणसें. तें तोरण पाहून कोणीही सांगावें कीं या घरीं यंदा काय गुदरलें. प्लॅस्टिकचें तोरण दोन्ही वर्षीं सारखेंच दिसलें असतें. आणि दुसरें असें कीं, तें टांगण्यासाठीं कोणाला कोणाच्या दारीं जावें लागत नाहीं.

एक शेवटची सूचना. सुकलेलें तोरण पिशवींत घालून नदींत टाकूं नये. येरळेला वर्षांतले पुष्कळ महिने आधींच पाणी नसतें. तिच्या पात्रांत आपलें निर्माल्य कुजत ठेवण्यांत पुण्य कसलें? पानें व सुतळी झाडाच्या बुंध्याशीं पुरावी. फुलें मात्र सुटीं करून सावलींत खडखडीत वाळवावीं आणि कागदाच्या पुडींत घालून वर साल लिहून ठेवावें. पूर्ण उमललेल्या जून फुलांतलें बीं पुष्कळदां उगवतें. संकरित जातींचीं रोपें आईसारखींच निघतील असें नाहीं, तरी फुलें येतात. मुलांना सांगावें कीं, पुढच्या दसऱ्याचें तोरण या पुडींत आहे. आणि आषाढांत ती पुडी त्यांच्याच हातीं द्यावी.

नवमीच्या दुपारीं घरांतलीं सर्व माणसें एका सुपाभोंवतीं बसवा. तासाभराचें काम आहे. फुलें अधिक झालीं तर दुसरें तोरण ओंवा, आणि तें कोणाच्या दारीं न्यावयाचें याचा विचार ओंवतां ओंवतांच करा. पुष्कळ घरीं असें एखादें दार असतें.